अकरावा चेंडू

सकाळी फिरून झालं की आम्ही पाच-सहा पेन्शनर पालघर स्टेशनच्या अलीकडच्या टपरीवर चहाला थांबतो. कुणाची शुगर किती, कुणाचा मुलगा पुण्याहून कधी येणार, हे झालं की विषय क्रिकेटवर येतो. परवा वाद निघाला तो असा की, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या क्रिकेटपटूची कारकीर्द सगळ्यात अल्पायुषी ठरली? एकजण लगेच म्हणाला, "विचारायचं काय त्यात? पृथ्वी शॉ. पाच कसोटी." दुसरे, रेल्वेतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, "पाच कसल्या, शार्दुल तर पहिल्याच कसोटीत दहा बॉल टाकून घरी आला होता." वाद मिटला नाही. मी मात्र घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. मला धावफलक लिहून ठेवायची खोड आहे, मास्तरकीतली. २०१८ च्या वहीत तो सामना सापडला.

हैदराबाद, १२ ऑक्टोबर २०१८. वेस्ट इंडिजविरुद्धची दुसरी कसोटी.

मंडळी, या सामन्याची एक गंमत पालघरकरांच्याही फारशी लक्षात नाही. भारताकडून कसोटी खेळणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. पृथ्वी शॉचा क्रमांक २९३, आणि त्याच्या लगेच पाठोपाठ शार्दुल ठाकूर, २९४. एक विरारचा, दुसरा पालघरजवळच्या माहीमचा. एकाच रेल्वेलाइनवरची, मध्ये तीन स्टेशनं असलेली दोन मुलं एकापाठोपाठ कसोटीपटू झाली आणि हैदराबादला एकाच संघातून मैदानात उतरली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर, एवढंच अंतर. दोघांचाही जन्म ठाणे जिल्ह्यातला, कारण पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. नवा जिल्हा झाल्याला जेमतेम चार वर्षं होत होती आणि आमच्याकडे एकदम दोन कसोटीपटू! त्या दिवशी मी सकाळी साडेनवाच्या आधी आंघोळ उरकून टीव्हीसमोर बसलो होतो.

शार्दुल गोलंदाजीला आला. पहिली ओव्हर झाली. दुसऱ्या ओव्हरचा चौथा चेंडू टाकला आणि तो थांबला. उजव्या जांघेचा स्नायू. महिनाभर आधी दुबईतल्या आशिया करंडकातही याच भागाच्या दुखण्याने तो परत आला होता, म्हणजे दुखणं पुरतं बरं झालेलं नव्हतं. फिजिओ आले, काही बोलणं झालं, आणि तो मान खाली घालून बाहेर चालू लागला. १.४ षटकं, दहा चेंडू. भारताच्या डावात अकराव्या क्रमांकावर येऊन ४ धावांवर नाबाद राहिला, तेवढंच.

त्याच सामन्यात पृथ्वीने काय केलं? पहिल्या डावात ५३ चेंडूंत ७०. दुसऱ्या डावात जिंकायला ७२ हव्या होत्या, त्यात ३३ नाबाद, आणि विजयाचा फटकाही त्याचाच. त्याआधी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. तेव्हा त्याचं वय १८ वर्षं ३२९ दिवस. कसोटी पदार्पणात शतक करणारा तो सगळ्यात लहान भारतीय. मालिकावीरही तोच.

माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानाखाली मी लिहिलं आहे, "शार्दुलचं वाईट वाटलं. २७ चा होईल परवा. आता अवघड. पृथ्वी मात्र दहा-पंधरा वर्षं हलत नाही." मास्तर माणूस. निकाल लावायची घाई.

आता थोडं मागे जातो. दोघांची सुरुवात नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. विरार म्हणजे चर्चगेटपासून ६० किलोमीटर. पूर्वापार मुंबईची लोकल तिथे संपायची. विरारच्या पलीकडे आम्ही. आमच्या वाट्याला शटल, पॅसेंजर आणि पालघर-बोईसरला थांबतील त्या एक्स्प्रेस. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी सकाळची शटल चुकली की दिवस गेला. विरारचा माणूस लोकलच्या गर्दीला शिव्या देतो, आमच्याकडचा माणूस गर्दी करायला लोकल मिळावी म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत होता. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी. आणि क्रिकेटची मैदानं, क्लब, शिल्ड, निवडसमित्या, सगळं तिकडे, आझाद मैदान आणि शिवाजी पार्कला.

पृथ्वीचे वडील पंकज शॉ मूळचे बिहारमधल्या गयेकडचे. विरारला कपड्यांचा लहानसा धंदा होता. पृथ्वी चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. पुढे वडिलांनी धंदा सोडला आणि मुलाची क्रिकेटची बॅग उचलली. विरार ते वांद्रे सुमारे ४५ किलोमीटर, पहाटेच्या गाडीने पोराला घेऊन जायचं, संध्याकाळी परत आणायचं. विरार लोकलमध्ये ज्यांनी कधी पाय ठेवला आहे त्यांना किटबॅग आणि सहा-सात वर्षांचं मूल घेऊन चढणं म्हणजे काय ते सांगायला नको. पुढे मुंबईत राहायची सोय झाली आणि हा प्रवास थांबला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डकडून खेळताना या पोराने ५४६ धावा केल्या. वय १४. चारच दिवसांपूर्वी वानखेडेवर सचिन निवृत्त झाला होता. वर्तमानपत्रांना तर आयताच मथळा मिळाला! त्या ५४६ ने भारतातला जो जुना विक्रम मोडला तो दादाभॉय हवेवाला यांचा, ५१५ धावांचा, १९३३ सालचा. हे हवेवाला कुणाकडून खेळत होते ठाऊक आहे? बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून. म्हणजे आपली आजची पश्चिम रेल्वे! ऐंशी वर्षांनी त्याच लाइनीवरच्या पोराने तो विक्रम मोडला. (हे मला फार उशिरा कळलं. वर्गात सांगायला काय मजा आली असती.)

शार्दुलचं वेगळं. माहीम म्हणजे आमच्या पालघर तालुक्यातलं, केळव्याशेजारचं. मुंबईतलं माहीम नव्हे. नारळाच्या वाड्या, पानवेली, विहिरी आणि पलीकडे समुद्र. इथलं पान पूर्वीपासून दूरदूर जातं. अशा गावातला मुलगा बोईसरला तारापूर विद्या मंदिरात शिकत होता. बोईसर-तारापूर म्हटलं की लोकांना अणुशक्ती केंद्र आठवतं, १९६९ पासूनचं, आणि मग एमआयडीसी. तीन पाळ्यांत चालणारं गाव हे. क्रिकेटपटू निघावा असं इथे काही नाही, मैदानं आहेत पण टेनिस बॉलची.

एका शालेय सामन्यात तारापूरच्या या मुलाने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध पाच गडी बाद केले आणि ७८ धावाही केल्या. त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड. रोहित शर्मालाही शाळेत आणणारे तेच. त्यांनी शार्दुलच्या वडिलांना गाठलं आणि मुलाला माझ्या शाळेत घाला म्हणाले. वडील कचरले. का कचरणार नाहीत? बोईसर-पालघरहून बोरिवली साठ-सत्तर किलोमीटर, गाड्यांचा भरवसा नाही, आणि दहावी तोंडावर. तेव्हा लाडसरांनी सांगितलं, मुलगा माझ्या घरी राहील. आणि राहिला. त्यांचा मुलगा सिद्धेशही क्रिकेट खेळायचा, पुढे तोही मुंबईकडून रणजी खेळला. मुंबईतल्या घरात एक जास्तीचा मुलगा वाढवणं म्हणजे काय असतं हे लाडसरांच्या घरच्या बाईंना विचारायला हवं. त्यांच्याविषयी कुणी फार लिहिलेलं मी वाचलं नाही. त्या शाळेकडून शार्दुलने एका षटकात सहा षटकार मारले, ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे मला थोडं स्वतःविषयी सांगणं भाग आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, तो आजही इथेच असतो. डावखुरा गोलंदाज. वडील एमआयडीसीत पाळीवर. तालुक्याच्या शालेय सामन्यात त्याने सात विकेट काढल्या, स्कोअर मीच लिहीत होतो. चेंडू पडून आत यायचा तो कसा, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. मुंबईहून एक ओळखीचे गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "मास्तर, याला दादरला नेटवर पाठवा, मी बोलतो." वडील संध्याकाळी माझ्याकडे आले. हातात टोपी, खांद्यावर डबा. म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसं." मी म्हणालो, "दहावी होऊ दे. मग बघू."

त्यात माझी वाईट बुद्धी नव्हती. शटल पहाटेची, येताना रात्र, मुलगा अभ्यासात मध्यम. कुठलाही मास्तर हेच म्हणाला असता, आणि लाडसरांसारखं "माझ्या घरी राहील" म्हणायला माझं घर दादरला नव्हतं. तेव्हा मी असंच स्वतःला सांगितलं. मुलाला दहावीला बरे मार्क पडले, आयटीआय झालं, कारखान्यात लागला. मग बघू म्हटलं ते कुणीच बघितलं नाही. त्याची कारकीर्द मोजायची तर एक सामना, सात विकेट, आणि स्कोअरबुकातलं माझ्या अक्षरातलं एक पान.

असो. शार्दुलकडे वळतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. पहिल्या चार सामन्यांत गोलंदाजीची सरासरी ८२! असल्या आकड्यावर मुंबईच्या संघात माणूस पुन्हा दिसत नाही. पण २०१४-१५ मध्ये याने एका मोसमात ४८ बळी घेतले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात आठ बळी घेऊन मुंबईला ४१ वी रणजी मिळवून दिली. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोला भारताच्या एकदिवसीय संघात आला तो १० नंबरचा टी-शर्ट घालून. झालं! सचिनचा नंबर घेतला म्हणून लोकांनी धारेवर धरला. बिचाऱ्याने जन्मतारखेचं काही गणित सांगितलं, पण शेवटी ५४ नंबर घेतला.

आणि ती लोकलची गोष्ट. २०१८ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून मुंबईला उतरला आणि अंधेरीहून सरळ गाडी पकडून पालघरला निघाला. डब्यातली कॉलेजची मुलं त्याच्याकडे बघत, मोबाइलवर फोटो शोधून हा तोच का ते ताडून पाहत होती. पेपरवाल्यांनी याचं फार कौतुक केलं. आम्हाला त्यात विशेष काय ते कळेना. पालघरला जायचं तर दुसरं कशाने जाणार? हायवेने मनोर फिरून?

तर हैदराबादला ऑक्टोबर २०१८ मध्ये ही दोन आयुष्यं अशी एकत्र आली होती. एक अठरा वर्षांचा, ज्याच्यासाठी वाट आखून ठेवली होती. एक सत्तावीस गाठणारा, ज्याची वाट दहाव्या चेंडूला अडली.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, नोव्हेंबरअखेर, सिडनीला सरावसामन्यात सीमारेषेवर झेल घ्यायला जाताना पृथ्वीचा घोटा मुरगळला. ऑस्ट्रेलियाचा तो अख्खा दौरा गेला, आणि त्याच मालिकेत मयंक अग्रवाल आला. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधात असणारं. मुद्दाम घेतलं नाही हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं, पण आठ महिन्यांची बंदी घातली, ती १५ नोव्हेंबर २०१९ ला संपली. एकोणीस वर्षांचं पोर खोकला झाला तर घरातली बाटली तोंडाला लावणारच. आमच्या घरी तर एकच बाटली सगळ्यांना चालते. आई असती तर विचारून दिली असती का, असं माझ्या बायकोने तेव्हा म्हटलं होतं. उगाच आठवलं म्हणून लिहितो.

२०२० च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये दोन कसोटी, त्यात ख्राइस्टचर्चला एक ५४. मग करोना. आणि १७ डिसेंबर २०२०, ॲडलेड. सामन्याचा दुसराच चेंडू, स्टार्कचा. बॅट आणि पॅडच्या मधून वाट काढत, आतली कड घेऊन यष्ट्यांवर. शून्य. दुसऱ्या डावात कमिन्सने ४ वर त्रिफळा उडवला. तो डाव ३६ धावांवर आटोपला, आपल्याला कुणालाच विसरता येणार नाही असा. बाकीचेही त्याच डावात गेले होते, पण पुढच्या कसोटीत पृथ्वी बाहेर आणि शुभमन गिल आत. गिलने मिळालेली जागा धरून ठेवली, यात त्याचा काय दोष.

मी वहीत बेरीज केली. १३४, ७०, नाबाद ३३, १६, १४, ५४, १४, ०, ४. एकूण ३३९. सरासरी ४२.३७. पाच कसोटी. यातलं कुठलंही गुणपत्रक माझ्यासमोर नावाशिवाय ठेवलं असतं तर मी "पास, वरच्या वर्गात" असा शेरा मारला असता.

आणि मग ब्रिस्बेन. १५ जानेवारी २०२१. बुमरा, अश्विन, जडेजा, विहारी सगळे जखमी. संघात सिराज, सैनी, नवे नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर, आणि २९४ क्रमांकाचा शार्दुल, ज्याच्या नावावर कसोटीत एकही बळी नव्हता. पृथ्वी त्याच दौऱ्यावर होता, राखीव खेळाडूंत. पहाटे उठून मी टीव्ही लावला. बायको म्हणाली, "आवाज कमी." शार्दुल चेंडू घेऊन आला. सत्तावीस महिन्यांनी. पहिलाच चेंडू पायाच्या रोखाने, मार्कस हॅरिसने तो टोलवला तो सरळ स्क्वेअर लेगला सुंदरच्या हातात.

कसोटीतला त्याचा अकरावा चेंडू, आणि पहिली विकेट.

मी ओरडलो असणार, कारण शेजारच्या खिडकीतला दिवा लागला.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ६ बाद १८६ वर शार्दुल आणि सुंदर एकत्र आले, १२३ धावांची भागीदारी केली. शार्दुलने त्या डावात खातं उघडलं ते कमिन्सला षटकार मारून, आणि पन्नाशी पूर्ण केली ती लायनला षटकार मारून. ६७ धावा, संघात सर्वाधिक. गोलंदाजीत तीन आणि चार असे सात बळी. ३२८ चा पाठलाग करून आपण जिंकलो, आणि ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर पहिल्यांदा हरली. त्यानंतर ओव्हलला २०२१ मध्ये दोन्ही डावांत अर्धशतकं, जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी. २०२५ मध्येही तो इंग्लंडला कसोटी खेळला आणि त्याच वर्षी मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार झाला. हे सगळं त्या दहा चेंडूंनंतरचं.

कट्ट्यावरचे आमचे मित्र पृथ्वीची गोष्ट निघाली की लगेच विनोद कांबळीचं नाव घेतात. सतरा कसोटी, सरासरी ५४.२०, दोन लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७, आणि तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेट संपलं. तोही लोकलने कांजूरमार्गहून यायचा. साम्य आहे, नाकारत नाही. पण "पोरगं वाया गेलं" हे तीन शब्द आपल्याकडे फार स्वस्त आहेत, आणि ते बोलणाऱ्यांत आम्ही मास्तर पहिले. पृथ्वीच्या शिस्तीविषयी, वजनाविषयी पेपरात पुष्कळ आलं. खरंही असेल. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला काढलं, त्याच नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात कुणी घेतलं नाही. पण मधल्या काळात त्याने काय केलं होतं तेही सांगा ना! २०२१ च्या विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा, चार शतकं, मुंबईला करंडक. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात त्याच्या वर एकच डाव आहे, भाऊसाहेब निंबाळकरांचा नाबाद ४४३, डिसेंबर १९४८ मधला, पुण्याला महाराष्ट्राकडून. आणि भाऊसाहेबांना एकही कसोटी मिळाली नाही. त्यांना कुणी वाया गेलेले म्हणत नाही.

वेस्ट इंडिजचे अँडी गँतॉम १९४८ मध्ये एकच कसोटी खेळले, एकाच डावात ११२ केल्या आणि पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. सरासरी ११२, ब्रॅडमनपेक्षा जास्त. हे मी कट्ट्यावर सांगितलं तर रेल्वेवाले म्हणाले, "मास्तर, तुम्ही विषय बदलताय." बदलत होतो खरा.

२०२५ मध्ये पृथ्वी मुंबई सोडून महाराष्ट्राकडून रणजी खेळायला गेला, भाऊसाहेबांच्याच संघात, आणि ऑक्टोबरमध्ये चंदिगडविरुद्ध २२२ केल्या. तेव्हा त्याला सव्विसावं पूर्ण व्हायलाही काही दिवस होते. म्हणजे हैदराबादला मैदानाबाहेर चालत गेलेल्या शार्दुलपेक्षा लहान. त्या दिवशी मी वहीत फक्त आकडे लिहिले, खाली शेरा लिहिला नाही.

आता ब्रिस्बेनच्या त्या दिवसाचं एक राहिलं.

१९ जानेवारी २०२१, सामना जिंकला त्या संध्याकाळी मी बँकेच्या कामाने बोईसरला गेलो होतो. परत येताना स्टेशनच्या पुलावर तो दिसला. माझा डावखुरा. आता केस पांढरे, हातात डबा, वडिलांसारखाच. तोंडावरचा मास्क खाली करून पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "काय रे, आज पहिली पाळी?" तर हसला. म्हणाला, "नाही सर, डबा घेऊन निघालो होतो, पण कारखान्यात गेलोच नाही. मित्राच्या दुकानात टीव्हीवर मॅच बघत बसलो दिवसभर. घरी सांगू नका."

मग शार्दुलबद्दल बोलू लागला. तो पहिला बॉल पायावर पडला तरी विकेट कशी मिळाली, मनगट कसं होतं, हॅरिसचं वजन कुठे होतं. हे सांगताना त्याने डबा उजव्या हातात घेतला आणि डावा हात वर नेऊन बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. येणारे-जाणारे बघत होते. गाडीची घोषणा झाली. मला दादरच्या नेटचं काहीतरी बोलायचं होतं, पण त्याची गाडी डहाणूकडची आणि माझी विरारकडची. तो जिना उतरून गेला.